चटणीची झूल

घरात डायनिंग टेबल येणं आणि घरातल्या माणसांनी त्यावर जेवणं, ह्या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. पहिलीला एक टेम्पो आणि दोन हमाल पुरतात. दुसरीला काय लागतं, हे धाराशिवात अजून कुणाला सापडलेलं नाही. निदान आरोहीच्या घरात तरी नाही. टेबल आलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि जेवायची वेळ झाल्यावर सगळे जण टेबलाच्या शेजारी, खाली फरशीवर, मांडी घालून बसले. तेव्हापासून टेबलावर इस्त्रीचे कपडे राहतात. त्यांच्या सोबतीला लाइटबिल, आईच्या गोळ्या, उन्हातनं आणलेली तूरडाळ आणि एक सुटा स्क्रू. हा स्क्रू टेबलाचाच असावा असा सगळ्यांना संशय आहे. म्हणून तो कुणी फेकत नाही, आणि म्हणूनच टेबलावर कुणी कोपर टेकत नाही.

ह्या टेबलाला लागून, खिडकीखाली, आजीची पायाची शिलाई मशीन होती. आजी गेल्यापासून मशीनवर कुंड्या होत्या. एक कोरफड, एक मनीप्लँट, आणि एक अशी कुंडी की तिच्यात काय लावलं होतं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण आशेनं पाणी मात्र रोज घातलं जायचं.

अशात सत्यभामा आत्याचा आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीहून फोन आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला बोलायला फोन लागतो हेच एक आश्चर्य आहे. नुसतं अंगणात येऊन बोलली तरी वाशीचा आवाज धाराशिवला यावा अशी तिची पट्टी. तिचं म्हणणं सरळ होतं. आईची मशीन, आणि तुम्ही तिची कुंड्यांची मांडणी केलीत. येत्या रविवारी धनाजीचा टेम्पो घेऊन येते आणि मशीन घेऊन जाते. बाबा म्हणाले, "बरं आक्का." बाबा आत्याला ह्या दोन शब्दांपलीकडं आजवर काही बोललेले नाहीत.

पण आरोही आता पूर्वीची आरोही राहिली नव्हती. नववीत आल्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनात तिनं सूत्रसंचालन केलं होतं. मधेच माइक बंद पडला आणि आरोही चालूच राहिली, शेवटच्या रांगेपर्यंत. तेव्हापासून तिचा आत्मविश्वास नवा कोरा होता, त्याचं लेबलसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. तिनं बाबांच्या हातातनं फोन घेतला.

"आत्या, मशीन नको नेऊस. मी वापरते ती."

हे खरं नव्हतं. आजी वर शिवत असायची आणि लहानगी आरोही खाली मशीनच्या पायट्यावर बसून झोके घ्यायची, एवढाच तिचा शिलाईशी संबंध. पण ते झोके आपल्या घरातनं टेम्पोत चढून जाणार, ही कल्पना तिला सहन झाली नाही.

"आसं व्हय," आत्या म्हणाली. "मग काय शिवलालीस सध्या?"

आरोहीनं घरभर नजर फिरवली. इस्त्रीचे कपडे, तूरडाळ, स्क्रू. आणि तिच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर बघितलेला एक व्हिडिओ आला. त्यात एका परदेशी बाईनं छान फुलाफुलांच्या कापडाची एक छोटीशी वस्तू शिवली होती. तिला दोन्ही बाजूंनी कप्पे. एका कप्प्यात मिठाची बाटली, एकात मिरपुडीची, आणि मधल्या खाचेत कागदी नॅपकिन. ती मधोमध ठेवल्यावर टेबल असं दिसत होतं की जणू त्याच्यावर कधीच तूरडाळ पडली नसेल.

आरोहीनं त्या वस्तूचं वर्णन केलं. आत्यानं शांतपणे ऐकलं आणि अट घातली. रविवारी ती वस्तू टेबलावर दिसली, आणि तिच्यातनं वाढून घेऊन जेवता आलं, तर मशीन ऱ्हाईल. न्हाय दिसली तर टेम्पो उभाच हाय.

वेळ नेमकी अशी की आई घरात नव्हती. ती मुरुमला बहिणीकडं, भाच्याच्या जावळाला गेली होती आणि रविवारी सकाळीच परतणार होती. राहिले बाबा. इंद्रजितराव एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत आणि घरातला कुठलाही विषय ते आधी समजून घेतात. समजून घेण्याचा त्यांचा वेग ज्यानं अनुभवलाय तोच जाणे. त्यांनी विचारलं की ह्या वस्तूचं प्रयोजन काय. आरोही म्हणाली, आपण टेबलावर जेवत नाही कारण मीठ हवं, चटणी हवी, की आईला उठावं लागतं; सगळं जागेवर असलं की टेबल वापरात येईल. बाबांना मुद्दा पटला, पण नॅपकिनवर त्यांचं मन अडलं. मोरी तीन पावलांवर असताना कागदाला हात पुसायचे हा नवीन पायंडा पडेल, आणि उद्या पाहुणे मोरीकडं बघणारच नाहीत, असं त्यांना वाटत होतं. शेवटी प्रकरण "प्रायोगिक तत्त्वावर" मंजूर झालं.

कुंड्या उतरवल्या. मशीनची वादी सैल झाली होती ती बसवली, तेल सोडलं. चाक फिरवल्यावर मशीननं इतक्या दिवसांचा राग एकदम काढल्यासारखा आवाज केला, आणि त्या आवाजानं शेजार गोळा झाला.

शेजार म्हणजे दोन माणसं, पण पुरेशी. डाव्या घरात रजियाचाची. शाळेतनं निवृत्त झालेल्या बाई, पण निवृत्ती फक्त कागदावर. उजव्या घरात दगडोबा काका, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. त्यांच्याकडं आजही कुणी पत्ता विचारला तर ते आधी "पुढं सरका" म्हणतात.

आरोहीनं व्हिडिओ दाखवला. दोघांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि दोघांनाही त्या परदेशी बाईची कीव आली. नुसतं मीठ आणि मिरपूड. बिचारी जेवते तरी काय. चाचींचं म्हणणं पडलं की आपल्याकडं दोन बाटल्यांनी काय होतं. शेंगाची चटणी पाहिजे, कारळाची पाहिजे, ठेचा पाहिजे, लोणच्याची बरणी पाहिजे. काका म्हणाले, शेंगाच्या चटणीवर तेल नसंल तर ती चटणी न्हाय, धुरळा हाय, तवा तेलाची बाटली धरा. चाचींनी जेवणानंतरच्या बडीशेपेसाठी एक कप्पा सुचवला. बाबा आतनं येऊन म्हणाले की झालंच तर चष्म्यालाही एक असावा, जेवताना काढला की सापडत नाही. काकांनी शेवटी आपला अनुभव पणाला लावला.

"म्या उभी नोकरी गळ्यात चामडी बॅग अडकवून काढली. कप्पे कितीबी कर, पर वर पट्टा ठेव. पट्ट्याबिगर बॅग म्हंजी कासऱ्याबिगर बैल."

अशा रीतीनं, कात्री हातात घ्यायच्या आधीच, दोन बाटल्यांची ती नाजूक वस्तू आठ कप्प्यांची आणि एका पट्ट्याची झाली.

पहिला प्रयोग जुन्या कापडावर करावा, हा चाचींचा सल्ला उत्तम होता. जुनं कापड म्हणजे कुठलं, हे त्यांनी सांगितलं नाही. आरोहीला दोरीवर एक विटलेला पायजमा दिसला. तो पायजमा बाबा घरी आल्यावर रोज घालतात आणि त्यात ते स्वतःला साहेब समजतात, ह्या गोष्टीकडं तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. संध्याकाळी बाबा दोरीजवळ गेले, तिथंच थांबले, आणि परत येऊन त्याच ऑफिसच्या पँटमध्ये खुर्चीत बसून राहिले. त्यानंतर ती वस्तू पूर्ण होईपर्यंत ते तिच्याकडं बघताना एका पायाकडं बघितल्यासारखं बघायचे.

आणि पायजम्याचं चीज झालं असतं तरी एक वेळ ठीक. आरोहीनं चटणीचा डबा वहीवर ठेवला, पट्टीनं त्याची रुंदी मोजली, तेवढंच कापड कापलं, वर शिलाईसाठी दोन बोटं जास्त सोडली, आणि खिसा शिवला. डबा त्यात जाईना. तिला वाटलं कापड आटलं. मग वाटलं डबा फुगला. वर्तुळाच्या धड्यात तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. व्यास आणि परीघ ह्यांचा संबंध ती झोपेतसुद्धा सांगते. पण तो धडा वहीतल्या वर्तुळांचा होता, शेंगाच्या चटणीचा नव्हता. रजियाचाचींनी डबा हातात घेऊन त्याच्याभोवती ओढणी गुंडाळून दाखवली.

"बेटी, डब्ब्याला पोट असतं. तू नुसता कागदावरचा गोल मापलीस. पोटाभवती नाप घे, मग कैची चालव."

दुसऱ्या प्रयोगाला बाबांचा दुसरा पाय कामी आला. ह्या वेळी माप बरोबर होतं, टाके जवळजवळ सरळ होते, आणि आरोहीनं असा मन लावून खिसा शिवला की चारही बाजूंनी शिवला. खिशाला तोंडच उरलं नाही. तिनं तो दगडोबा काकांना दाखवला तेव्हा त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, झकास हाय, आता ह्यातलं कुणी कायबी चोरू शकत न्हाय.

माणसाचा अपमान दोन प्रकारे होतो. एक, लोक हसतात. दुसरा, लोक हसू दाबून "छान आहे" म्हणतात. आरोहीला त्या संध्याकाळी दोन्ही मिळाले. रात्री जेवताना तिनं जाहीर केलं की दोष तिचा नाही, पायजम्याचा आहे. गुडघ्यावर झिजलेल्या कापडावर कुणाचंही कर्तृत्व उभं राहत नाही. आता खरं, करकरीत कापड पाहिजे. बाबा म्हणाले, आईला विचार. आपल्या अखत्यारीत नसलेल्या विषयात बाबा फार चपळ असतात.

करकरीत कापड घरात होतं. हॉलमधल्या दिवाणाच्या पोटात होतं.

दिवाणाच्या पोटात काय असतं हे ज्याला माहीत नाही त्याच्या घरात कधी लग्नकार्य झालेलंच नाही. तिथं आहेर असतात. ओटीत आलेले खण, लग्नात मिळालेली उपरणी, टॉवेल-टोप्या, कुणाच्या वास्तुशांतीतला झंपराचा तुकडा. ते शिवण्यासाठी नसतात. ते फिरण्यासाठी असतात. मुरुमहून आलेला खण वाशीला जातो, वाशीचा उमरग्याला, आणि वर्षानुवर्षं कात्री न लागता सगळ्या जिल्ह्याचं पुण्य घेत हिंडतो. ह्यात नियम एकच: ज्यानं दिला त्याच्याच घरी परत जाऊ नये. तो नियम पाळायला डोकं लागतं, आणि ते आईकडं होतं. कुणाचा खण कधी आला आणि कुणाकडं जायचा, हे तिला तोंडपाठ. यंदा संक्रांतीला आत्यासाठी काढलेल्या हिरव्या खणावर आरोहीकडनं कुंकवाची डबी सांडली, तर आईनं काय करावं? डाग बरोबर आत जाईल अशी घडी घातली आणि हसतमुखानं वाशीला पाठवून दिला. असा अधिकार.

आरोहीनं मुरुमला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की दिवाणाची फळी काढ. डाव्या हाताचा ढीग घरचा, त्यातला हवा तो घे. उजव्या हाताला बोट लावू नकोस, ते सगळं द्यायचं आहे.

आरोहीनं तंतोतंत तसंच केलं. फळी काढली, डाव्या हाताचा ढीग घेतला. सगळ्यांत वर जांभळ्या रंगाचा इरकली खण होता, लाल काठाचा, असा कडक की हातात घेतला तरी घडी मोडेना. तिनं तो काढला.

इथं फक्त भूगोलाचा घोटाळा झाला. आई दिवाण उघडते तेव्हा भिंतीच्या बाजूला, कपाटाशी पाठ लावून उभी राहते. त्या बाजूला आता मशीनवरच्या कुंड्या उतरवून ठेवल्या होत्या. म्हणून आरोही दाराच्या बाजूला उभी राहिली, समोरासमोर. आईचा उजवा हात जिथं जातो तिथंच आरोहीचा डावा गेला. आईनं सगळ्यांत वर ठेवलेला तो जांभळा खण रविवारी आत्याच्या ओटीत घालायचा होता.

खणावर मात्र आरोहीचा हात बसला. माप पोटाभोवती घेतलं, खिशांना तोंडं ठेवली, काठ बरोबर वरच्या कडेला आणला. खालचा धागा मधेमधे गोळा होऊन कावळ्याच्या घरट्यासारखा दिसत होता, पण तो आतल्या बाजूला. आठ कप्पे, मधे नॅपकिनची खाच, वर पट्टा. एकदाची वस्तू तयार झाली आणि तिनं ती टेबलावर उभी केली.

ती बसली. म्हणजे खालीच बसली. सगळे डबे घातल्यावर तर आडवी झाली.

कापडाला आतनं पुठ्ठा हवा होता. बाबांच्या कपाटात जुन्या फायलीचे जाड पुठ्ठे होते. पण बाबा म्हणाले की प्रकरण निकाली निघालं तरी पुठ्ठा सरकारचाच असतो, आणि सरकारी पुठ्ठ्यावर लोणचं ठेवलेलं त्यांना निवृत्तीपर्यंत टोचत राहील. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा लोणच्याच्या बरणीखाली वाकला. मग आरोहीनं दप्तरातनं आपलं परीक्षेचं पॅड काढलं. ह्या पॅडवर तिनं पाचवीपासून सगळ्या परीक्षा दिल्या होत्या, मागं मैत्रिणींच्या सह्या होत्या. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं, आणि बाबांकडनं करवतीनं त्याचे तुकडे करून घेतले. वस्तू ताठ उभी राहिली.

रजियाचाची बघायला आल्या आणि विचारलं, ही टोपी कुणाच्या डोक्याची. दगडोबा काका दारातच थबकले. जांभळं कापड, लाल काठ, दोन्ही बाजूंना लोंबणारे कप्पे, वर पट्टा. ते म्हणाले, "आता पोळा कुठला?"

तेव्हापासून गल्लीत त्या वस्तूचं नाव झूल पडलं. चटणीची झूल. आरोहीनं दोनदा सांगून बघितलं की ह्याला टेबल ऑर्गनायझर म्हणतात. पण नाव ठेवणाऱ्यापुढं नाव असणाऱ्याचं काही चालत नाही.

रविवारी आई सकाळच्या गाडीनं आली ती थेट चुलीशी. वांग्याचं भरीत, डाळ, बाजरीच्या भाकरी. टेबलावरचा संसार आवरून आतल्या खोलीत गेला, स्क्रू बाबांनी खिशात ठेवला. आणि आत्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा आई हात पुसत, ओटीचं काढून ठेवावं म्हणून दिवाणाची फळी उचलत होती. बाहेर बाबांचं "बरं आक्का" ऐकू येत होतं. आत आईनं हळूच हाक मारली.

"आरोही, इकडं ये. उजव्या ढिगावर जांभळा खण होता."

"मी डावीकडचा घेतला, आई. तू सांगितलंस तसा."

"कुठं उभी राहून?"

आरोहीनं जागा दाखवली. आईनं ती जागा बघितली, समोरची आपली जागा बघितली, आणि दिवाणाच्या कडेवर बसली.

"तू आक्कांच्या ओटीचा खण कापलास," ती म्हणाली.

आरोहीचा नवा कोरा आत्मविश्वास पहिल्यांदाच चुरगळला. झूल टॉवेलखाली झाकून टेबलावर होती. ती काढून लपवावी तर मशीन टेम्पोत जाणार. ठेवावी तर आत्याचा मान चटणीखाली. पण आई उगाच आई नव्हती. ती म्हणाली की आक्कांना काय ठाऊक, हा त्यांच्यासाठी काढला होता ते. राहू दे. ओटीला दुसरा काढते. तोंड मात्र बंद ठेव, तुला ते जमलं तर.

आत्या टेबलाशी आली. खुर्चीवर बसली, दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीतच मांडी घातली. मग म्हणाली की हां, आता जेवता येईल. चाची आणि दगडोबा काका साखर मागायच्या निमित्तानं आलेच होते. दोघांनी वेगवेगळी, एकाच वेळी. आरोहीनं टॉवेल उचलला.

आत्यानं ताट पुढं ओढलं. तिनं चटणीचा डबा काढला, वाढून घेतलं, परत ठेवला. डबा बरोबर आत गेला. ठेचा काढला, ठेवला. लोणचं काढलं. परीक्षेचं पॅड ह्याही परीक्षेत टिकलं. तेलाच्या बाटलीनं मात्र दगा दिला. बूच सैल होतं आणि शेजारच्या खाचेतले सगळे नॅपकिन तेल पिऊन बसले होते. आत्यानं हात पुसायला एक ओढला, बोटांना चमक आली. बाबा अपेक्षेनं मोरीकडं बघू लागले. आत्यानं तो नॅपकिन दोन्ही कोपरांवर आणि मग टाचांवर नीट चोळला. म्हणाली, थंडीत बरं असतं.

मग तिनं चष्मा लावला, झूल जवळ ओढली, आणि काठावरनं बोट फिरवत फिरवत एका जागी थांबली.

"हा खण कुठला, तारा?"

आई म्हणाली, घरातलाच आहे, आक्का. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, फक्त हातातली भाकरी तव्यावर जायच्याऐवजी परत परातीत गेली.

"घरातला कसला? म्या दिलेला हाय. तुमच्या वास्तुशांतीला. ह्यो बग, लाल काठात एक पिवळा धागा चुकलेला. म्या दुकानदाराशी ह्याच्यावरनं भांडलेव, म्हून ध्यानात हाय."

तेलाची बाटली ठिबकत राहिली. आरोहीनं आईकडं बघितलं. आईच्या चेहऱ्यावर रंग येत होते आणि जात होते. उभ्या जिल्ह्याचे खण जिला तोंडपाठ, तिची एक, फक्त एक घडी चुकली होती. हा खण आत्यानंच दिला होता. आरोही दिवाणाच्या चुकीच्या बाजूला उभी राहिली नसती, तर अजून तासाभरानं आईनं हळदकुंकू लावून, हसतमुखानं, आत्याचाच खण आत्याच्या ओटीत घातला असता.

आत्या चष्म्यावरनं सगळ्यांकडं बघत होती. बाबांनी सवयीनं "बरं आक्का" म्हटलं.

"बरं काय?" आत्या म्हणाली. "मला वाटलं, गेला आसंल कुठं तरी फिरत. आपल्यात दिलेला खण कोण वापरतंय? आजवर कितींना दिले, एक कुणाच्या अंगावर दिसला न्हाय. आन हितं माझा खण रोजच्या ताटाजवळ ठिवलाय." तिनं नाकानं एक मोठा श्वास ओढला. ते ठेच्यामुळं की कशामुळं, हे विचारायची तिथं कुणाची टाप नव्हती. आई एवढंच म्हणाली की तुमचा खण फिरवायला मन झालं नाही, आक्का. आणि हे म्हणताना ती आरोहीकडं अजिबात बघत नव्हती.

मग आत्यानं झूल उलटी करून आतली बाजू बघितली. कावळ्याची घरटी दिसली. एक टाका तिनं नखानं ओढला, तो सरसर निघाला.

"ही शिलाई हाय? शेळी चालल्यावानी गेलीय. वर, खाली, कुठंबी." आरोहीनं मान खाली घातली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. "आईनं हे बगितलं असतं तर उसवून परत शिवाया लावलं असतं."

"मी उसवते, आत्या. परत शिवते."

"मशीन वाशीला गेल्यावर कशावर शिवशील?" आत्या म्हणाली. "ऱ्हाऊ दे हितंच. पोरीला शिवाया येत न्हाय, तवर तरी ऱ्हाऊ दे."

दगडोबा काकांनी टाळी वाजवली आणि आपण साखरेला आलोय हे आठवून थांबले. रजियाचाचींनी न विचारता बडीशेपेच्या कप्प्यात हात घातला. टेबलावर मात्र पंगत बसली, आरोहीच्या घरातली पहिली. बाबांनी कोपर टेकवलं आणि खिशातल्या स्क्रूच्या आठवणीनं लगेच उचललं.

टेम्पो रिकामा परत नेणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. तिनं कुंड्या चढवल्या. तिन्ही. त्या तिसऱ्या कुंडीत काय आहे ते ती वाशीला जाऊन बघणार होती. टेम्पोवाल्या धनाजीनं दारातनं झूल बघितली आणि विचारलं, ही गाडीच्या स्टेअरिंगपुढं बांधायची भेटते का कुठं. मोबाइल, पाण्याची बाटली, सगळं मावंल. आरोहीच्या आत्मविश्वासाला पुन्हा इस्त्री झाली.

आईनं आत्याची ओटी भरली. खण नवा, चार वेळा पारखलेला. निघताना आत्याला काहीतरी आठवलं. तिनं पिशवीत हात घालून एक घडी काढली आणि आरोहीच्या हातात दिली. खास तुझ्यासाठी आणलाय म्हणाली, चांगला खण हाय, ठेव. आरोही वाकून पाया पडली. टेम्पो वळला, कोरफड हलली, आत्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

खण हिरवा होता. आईनं तो आरोहीच्या हातातनं घेतला, दोन बोटांनी घडी उलगडली. बरोबर मधोमध, आत, कुंकवाचा डाग होता.

मग आईनं खण घडी न घालता तसाच मशीनवर टाकला आणि कात्री आरोहीपुढं सरकवली.

"हा आजच काप," ती म्हणाली. "ठेवलास तर संक्रांतीला परत वाशीला जाईल."